तीन टक

प्रिय पेंटर,

हे पत्र गॅरेजच्या ऑफिसात उभ्यानं लिहितोय. बसलो की पाय हलायला लागतो, मग टेबल हलतं, मग अक्षर. तीनदा लिहून फाडलं. अकरा रविवार झाले, तू पेट्रोल पंपावर आला नाहीस. का आला नाहीस ते मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे तुलाही ठाऊक आहे. फोन केला तर "बरं आहे" म्हणून ठेवून देशील, म्हणून कागद.

आधी बातमी. महिन्याभरात माझ्या गाडीचं ॲव्हरेज पडलंय, एकवीसवरून साडेसोळा. ऐकून तुला आनंद व्हायला हरकत नाही, तुझ्या जागी मी असतो तर मला झाला असता. आपल्या टोळीला तर लॉटरीच लागलीय. रविवारी टाक्या भरून पंपाच्या कडेला ॲव्हरेजच्या वह्या उघडल्या की आधी माझी वही मागतात. औषधवाला म्हणतो, इंजेक्टरला जुलाब दे. विमावाल्याचं म्हणणं, गाडीला काही झालेलं नाही, मीच वजनानं वाढलोय. त्याची स्वतःची एकोणीसच्या वर कधी गेली नाही, पण बोलायला पुढे. फिल्टर चोंदलाय, असं मी सांगून टाकलं. खोटं सांगितलं. परवा बॉनेट उघडून कान लावला, तर इंजिन झोपलेल्या पोरासारखं शांत.

ते राहू दे. मला त्या रविवारबद्दल लिहायचंय आणि मी गावभर हिंडतोय.

नियम तूच केला होतास: टाकी भरायची ती तिसऱ्या टकपर्यंत. नोझल पहिल्यांदा टक करतं ते फेसामुळे. थांबायचं, फेस बसू द्यायचा, मग हलक्या हातानं दुसरा टक, मग तिसरा. कमी भरलं की ॲव्हरेज उगाच फुगतं, सगळ्यांनी सारखं भरलं तरच एकाचा आकडा दुसऱ्याच्या शेजारी ठेवता येतो. अठरा वर्षं कुणी मोडला नाही. त्या दिवशी मी तुझ्याकडे पाठ करून विमावाल्याच्या टायरची हवा बघत होतो. एकच टक कानावर आला, आणि लगेच नोझल परत अडकवल्याचा आवाज. मग तू वहीतून वाचलंस, चोवीस. तुझ्या त्या म्हाताऱ्या गाडीचं चोवीस. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "पेंटर, दोन टकांसाठी इमान विकलंस होय?" सगळे हसले, सगळ्यात मोठ्यानं मी. तू वही मिटलीस, म्हणालास, "तुझे कान शाबूत आहेत, बरं आहे," आणि गाडीत बसून निघून गेलास.

मला वाटलं, चोर पकडला. अरे, पहिल्या टकला थांबणाऱ्याचा आकडा एकदाच फुगतो, पुढच्या रविवारी परत जागेवर येतो. हे तुला माझ्याआधी कळतं. असली एका आठवड्याची चोरी तू कशाला करशील, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. चाळीस वर्षं इंजिनं ऐकून पोट भरलं, त्याचा हा माज.

या खिडकीतून तू रंगवलेली पाटी दिसते. तेव्हा इथे नुसती पत्र्याची शेड होती, चार पाने आणि एक जॅक. तू शिडीवर चढलास आणि दोरी न लावता, पट्टी न धरता एका दमात रेघ ओढलीस. लोक मला म्हणतात, स्वतःच्या हिमतीवर वर आला. वर आलो तो त्या पाटीमुळे. ती बघून गिऱ्हाईकाला वाटायचं, आत मोठा कारखाना असणार. गेल्या वर्षापासून तू नंबरप्लेटवर ब्रश सोडून रेडियमचे आकडे चिकटवायला लागलास. मी म्हणालो, पेंटर आळशी झाला. तू नुसता हसलास. तेही हसणं मी नीट बघितलं नाही.

महिन्यापूर्वी वहिनी गॅरेजवर आल्या. गाडी विकायची आहे, कुणी बघा म्हणाल्या. आणि मी शहाणा त्यांना विचारतोय, क्लच कसा आहे, टायर कधी बदलले. त्यांनी सगळं सांगितलं आणि उठता उठता म्हणाल्या, "भाऊजी, ते आता कपसुद्धा दोन हातांनी धरतात." मी तुला सांगू नये असं त्यांनी बजावलं होतं. मी शब्द मोडतोय, राग माझ्यावर काढ, त्यांच्यावर नको.

पेंटर, तिसऱ्या टकला हात स्थिर लागतो. तुझा थरथरत होता, आणि मी टक लावून बघायच्या वेळी टक मोजत उभा होतो. चुकलं माझं. हे मला टोळीसमोर म्हणायचंय, कारण बोललो ते टोळीसमोर.

आता ॲव्हरेजचं खरं कारण. वहिनी येऊन गेल्यापासून आठवड्यातून तीनदा मी तुझ्या गल्लीच्या तोंडाशी येतो, सायकलवाल्याच्या दुकानासमोर. काचा वर, एसी चालू, तासभर. गाडी जागची हलत नाही, पेट्रोल मात्र जळतं. इंजिन बंद करत नाही, कारण बंद केलं की उतरावं लागेल, आणि उतरलो की तुझं दार वाजवावं लागेल. येत्या रविवारी सकाळी नऊला मी तुझ्या खिडकीखाली येऊन इंजिन बंद करणार आहे. माझ्या गाडीचा आवाज तू ओळखतोस. तो थांबला की समज, मी जिन्यात आहे. तुझ्या गाडीला मी गिऱ्हाईक शोधलेलं नाही आणि शोधणारही नाही. किल्ली काढून ठेव. चालवीन मी, नोझल मी धरीन, वहीसुद्धा मीच लिहीन. तू शेजारी उभा राहून टक मोज, आणि माझा एक जरी कमी पडला तर सगळ्यांसमोर बोल. दार मात्र उघड. नाही उघडलंस तर मी परत खाली जाऊन इंजिन चालू करीन, आणि माझा आकडा पंधराच्या खाली गेला की विमावाल्याला तोंड तुला द्यावं लागेल.

तुझाच,
गॅरेजवाला