बिघाड नव्हता, संगीत होतं

प्रिय दादा,

तुला वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. कंबर सध्या वाकायला तयार नाही, आणि वाकलीच तर सरळ करायला ह्यांना हाक मारावी लागते, आणि हे येईपर्यंत मी तिथेच काटकोनात.) वहिनीच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल अशी आशा आहे. तिला सांग, जिना दिवसातून एकदाच चढायचा, आणि तोही दुसऱ्या कुणाला काही आणायला सांगून पाहिल्यावर. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे ते विचारत नाही, कारण हे पत्र वाचून झाल्यावर ते वेगळं असेल. आम्ही इकडे ठीक. हे लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीतून निवृत्त झाले तरी लिफ्ट दिसली की अजून तिला कान लावतात. लोकांना वाटतं, आतमध्ये कुणीतरी अडकलंय.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू "बरं, बरं" म्हणतोस आणि ठेवून देतोस. तुझं पोस्टकार्ड मिळालं. "गप्पूचा सिनेमा लागलाय म्हणे. बघून ये. कारट्याच्या डोक्यात काही शिल्लक आहे का ते कळव. गोड करून लिहू नकोस." एवढ्या मजकुरासाठी कार्ड कशाला खर्च केलंस, अंगठ्याच्या नखावरही मावला असता. तरी मी तुझ्या शब्दाबाहेर नाही. गेले, बघितला, आणि जसं घडलं तसं लिहितेय. गोड काही नाही. गोड मला तसंही बंद आहे.

आधी एक दुरुस्ती. सिनेमा गप्पूचा नाही, त्याच्या मित्राचा. गप्पूचं त्यात फक्त संगीत. तुझ्या चष्म्याच्या दुकानाच्या भाषेत सांगायचं तर फ्रेम दुसऱ्याची, काचा ह्याच्या. हे मी जाताना ह्यांना समजावून सांगितलं, तर हे म्हणाले, "म्हणजे गाणी चांगली असतील." गाणी! असो. ते पुढे येतंच आहे.

नेहमीच्या टॉकीजमध्ये असले सिनेमे लागत नाहीत. एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर सभागृह आहे, तिथे दुपारचा खेळ. लिफ्टवर "बंद आहे" अशी पाटी. झालं! हे तिच्यासमोर असे उभे राहिले, जसं काही कुणी आजारी नातेवाइकाला भेटायला आलंय. दाराच्या फटीतून आत वाकून बघितलं, बटण दाबून बघितलं, "नुसता दरवाजाचा खटका आहे गं" म्हणाले. मी दंडाला धरून जिन्याकडे ओढलं. वर पोचलो तर घडीच्या खुर्च्या, आणि त्यांवर कापडी पिशव्या घेतलेली, विंचरणं सोडून दिलेली बरीच मंडळी. सगळी तरुण, सगळी गंभीर. वयस्कर असे आम्ही दोघंच. त्यामुळे सगळ्यांनी आमच्याकडे आदराने पाहिलं. हे एवढ्या वयात असलं बघायला येतात म्हणजे यांना कळत असणार, असा तो आदर होता. गप्पू पुढे भिंतीला टेकून उभा. आम्हाला बघून त्याने हात हलवला आणि लगेच खिशात घातला. चेहरा दहावीच्या निकालाच्या दिवशी होता तसा.

आता सिनेमा. गोष्ट सांगते, फार वेळ लागणार नाही: एक माणूस घर सोडून जातोय. सामान गेलेलं आहे. तो एकेका खोलीत जाऊन उभा राहतो आणि बाहेर येतो. संपली गोष्ट. कुठे जातोय, का जातोय, भाडं थकलंय की बायकोशी भांडलाय, काही म्हणजे काही सांगत नाहीत. पहिल्या खोलीत एक खुर्ची राहिलेली आहे. ती दाखवली. मी म्हटलं ठीक आहे, खुर्ची. अजून दाखवली. मग माझ्या लक्षात आलं की ती दाखवतच राहणार आहेत. मी तिचा एक पाय जरा आखूड असल्याचं हेरलं, बसायची वीण सैल झालीय हे हेरलं, मागे कोपऱ्यात जळमट होतं ते कुणी काढलं नाही म्हणून चडफडले, आपल्याकडे गॅसवर काही राहिलं नाही ना हे आठवून पाहिलं, आणि परत आले तर खुर्ची तिथेच. मात्र दादा, खरं लिही म्हणालास म्हणून लिहिते. मधल्या वेळात खिडकीचं ऊन जमिनीवरून सरकत तिच्या पाठीवर चढलं होतं. मला ते सरकताना दिसलं नाही, चढल्यावर दिसलं. आता कुणीतरी येऊन हिच्यावर बसेल असं वाटून मी दाराकडे कान लावून बसले होते, आणि कुणी येणार नाही हे कळल्यावरही कान तिथून हलेनात. असं कधी होतं ते तुला माहीत आहे. मुलगी सासरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात होतं. मुलगा बॅग घेऊन निघून गेल्यावरही होत असेल, मला काय कल्पना.

ही माझी अवस्था चाललेली, आणि इकडे हे अस्वस्थ. कारण एव्हाना एक आवाज सुरू झाला होता. घूंऽऽऽ असा, खालच्या पट्टीत, थांबायचं नाव नाही. हे माझ्या कानात म्हणाले, "ह्यांची मोटर चाललीय." मी म्हटलं गप्प बसा. थोड्या वेळाने म्हणाले, "बेअरिंग जाणार. जळेल." मी पुन्हा गप्प बसा म्हटलं, आणि खुर्चीवरचं ऊन बघण्यात अशी गुंगले की शेजारची खरी खुर्ची कधी रिकामी झाली ते कळलंच नाही. हे अंधारात चाचपडत, लोकांच्या पिशव्या तुडवत, मागच्या प्रोजेक्टरच्या खोलीत पोचले होते. तिथल्या माणसाला ह्यांनी सांगितलं, "ताबडतोब बंद करा, नाहीतर आग लागेल." बिचाऱ्याला तो सिनेमा पहिल्यापासूनच बिघडलेला वाटत असावा. त्याने एका शब्दाने न विचारता बटण दाबलं. पडदा काळा, आवाज बंद, आणि सगळे दिवे लख्ख.

दादा, मला वाटलं आता लोक ओरडणार. कुठलं काय. सगळे जागच्या जागी, एकमेकांकडे बघतायत, स्वतःच्या हातांकडे बघतायत. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने डोळे मिटून घेतले. मग कुणीतरी हळूच टाळी वाजवली आणि बघता बघता सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. त्यांना वाटलं, हे सिनेमातच आहे! हे प्रोजेक्टरच्या खोलीतून बाहेर आले ते नेमके टाळ्यांच्या कडकडाटात. आगीतून वाचवल्याबद्दल आहेत असं समजून ह्यांनी हात जोडले. दिग्दर्शक डोकं धरून खाली बसला. गप्पू धावत आला. मला वाटलं आता हा काकांवर खेकसणार. (तुझा मुलगा आहे, खेकसायचं त्याने शिकायला नको.) तर तो शांतपणे म्हणाला, "काका, मोटरच आहे ती. आमच्या सिनेमातल्या फ्रिजची. बिघाड नाहीये, संगीत आहे." हे म्हणाले, "मोटर आहे ना? मग झालं तर," आणि जिंकल्यासारखे येऊन बसले.

सिनेमा मघाच्या जरा आधीपासून पुन्हा लावला, त्यामुळे ती घरघर मला दुसऱ्यांदा ऐकायला मिळाली, आणि हे एक बरं झालं. कारण आता माहीत होतं की फ्रिज आहे. मोकळ्या घरात एकटाच चालू राहिलेला. ऐकता ऐकता लक्षात आलं की त्याच्याखाली पेटीचा एक सूर येऊन मिळालाय, इतका अलगद की फ्रिज कुठे संपला आणि पेटी कुठे सुरू झाली ते सांगता येऊ नये. मग तो माणूस येतो आणि फ्रिज बंद करतो. फ्रिज थांबतो. पेटी थांबत नाही. बाई गं, मी कंबर विसरून पुढे वाकले. शेजारी बघितलं तर हेही पुढे वाकून ऐकत होते. "मोटर बंद झाली तरी चालूच आहे," हे पुटपुटले. ह्यांच्या तोंडून संगीतावर निघालेलं हे आयुष्यातलं पहिलं वाक्य.

आणि आता तू जिथे असशील तिथे बसून घे. शेवटच्या खोलीत तो माणूस खिडकीशी उभा राहतो. बाहेरचं सगळं धुरकट. टक् असा काचेवर काच ठेवल्याचा आवाज येतो आणि बाहेरचं झाड जरा स्पष्ट होतं. मग एक पुरुषी आवाज, अगदी हळू विचारतो, "आता?" पुन्हा टक्. "आणि आता? ... घाई नाही. सावकाश बघा. मघाशी बरं होतं की आता?"

मी भर सभागृहात ओरडले, "अगं बाई, दादा!"

सगळ्या माना वळल्या. पण मी काय करू? तूच होतास. दुकानात समोरच्याच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवून, लाकडी पेटीतून एकेक भिंग काढून घालत, गिऱ्हाइकाचा नंबर काढत होतास. टक्. "आता?" झाड स्पष्ट होत जातं, पान न पान दिसायला लागतं, आणि तो माणूस निघून जातो. तुझा आवाज मात्र रिकाम्या खोलीला विचारतच राहतो, आता बरं आहे का म्हणून. दिवे लागले तेव्हा माझा पदर ओला होता. ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि भिंगांवर धूळ फार बसते म्हणाले.

नंतर चर्चा होती. एक दाढीवाले गृहस्थ उठून म्हणाले की हा आवाज काळाचा आहे, काळ माणसाला प्रश्न विचारतोय. एका मुलीने विचारलं की "अगं बाई, दादा" हे सिनेमातलं होतं का, कारण तिला ते सर्वांत आवडलं. मग गप्पूला उभं केलं. तो जन्मापासून किती बोलतो ते तुला माहीतच आहे, उगाच नाही आपण त्याला गप्पू म्हणत. पण उभा राहिला आणि बोलला. "आवाज माझ्या वडिलांचा आहे. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. शाळा सुटली की मी तिथेच अभ्यासाला बसायचो. घरी त्यांनी मला कधी विचारलं नाही, बरं आहे का म्हणून. दुकानात सगळ्यांना विचारायचे. गिऱ्हाईक नाही म्हणालं तर चिडायचे नाहीत, दुसरी काच घालायचे. मला वाटायचं, आपण गिऱ्हाईक असायला हवं होतं." लोक हसले. तो हसला नाही. मग म्हणाला, "मी त्यांना न विचारता रेकॉर्ड केलंय. त्यांना कळलं तर ओरडतील. ओरडले तर तेही रेकॉर्ड करीन." तेव्हा तो हसला. दाढीवाले काळाचं वगैरे विसरून पुढे आले आणि तुझ्या दुकानाचा पत्ता लिहून घेऊन गेले. त्यांचा नंबर वाढलाय म्हणे. येतील, ओळख दे.

तर तू विचारलंस, डोक्यात काही शिल्लक आहे का. डोक्याचं मला कळत नाही. पण तू आवाज गोळा करणं हा काय धंदा आहे म्हणून ओरडलास आणि तो बॅग भरून आमच्याकडे आला, त्याआधी तो जे गोळा करत होता ते तूच होतास. यात मी गोड काही घातलेलं नाही. वाटल्यास येऊन बघ, पुढच्या शनिवारी पुन्हा खेळ आहे. ह्यांना मी घरी ठेवीन.

तुझीच,
कंबर धरून बसलेली बहीण

ता. क. लिहायचं राहिलं. गप्पूचा चष्मा मोडला. सोफ्यावर ठेवला होता, माझ्या बसण्यात आला. काडी दोऱ्याने बांधून फिरतो, एका काचेला तडा आहे. जवळच्या दुकानात जा म्हटलं तर "दुसऱ्याकडे नको" एवढंच म्हणतो. रविवारी तुझं दुकान बंद असतं, तेव्हा त्याला बोलावून घे. समजूत काढायला बोलावू नकोस, ते तुम्हा दोघांनाही जमणार नाही. नंबर काढायला बोलाव.

ता. क. २. आणि एकदा आला की ठेवूनच घे. पोराचं मला ओझं नाही, गुणी आहे, ताट उचलतो. पण त्याने आमच्या न्हाणीघरात माइक लावलाय. ह्यांनी महिनाभर मोकळेपणाने गुळणी केलेली नाही. परवा मी भाकरी थापताना तो परातीखाली काहीतरी चिकटवत होता. नवराबायकोने घरात मोकळेपणी भांडावं तरी कुठे? आम्ही गच्चीवर जातो.

ता. क. ३. चष्म्याबद्दल वहिनी विचारील, बसताना दिसला नाही का. तिला सांग, दिसला. मी नीट बघूनच बसले.