अक्काने निवडलेले दाणे

पुणे,
२६ नोव्हेंबर १९८९

तीर्थस्वरूप अक्का,

सुगंधाचा नमस्कार. भाऊजींनाही सांग. तुझ्या छोट्या वनाला गोड पापा.

शेंगदाण्यांची पिशवी पोचली. दाणे इतके गोड, की खोलीतल्या मुलींनी दोन दिवसांत अर्धी संपवली. लग्नाचं तू याही वेळी विचारलं आहेस. ठरलं की आधी सोनगीरला तुलाच कळेल, मग तर झालं?

माझ्या कामाचं विचारतेस आणि मी दरवेळी टाळते. आज सांगते. ओलसर दाण्यावर हिरवट बुरशी चढते ना, तिच्या विषावर आमचं काम चालतं. काचेच्या बाटलीत उंदरासारख्या एका प्राण्याच्या पेशी वाढवायच्या, त्यात ते विष थेंबभर घालायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचं. पेशीत जनुकं असतात; शरीर कसं घडायचं, याची ती लिहून ठेवलेली माहितीच. विष तिथे जाऊन चिकटतं. मग एका पेशीच्या दोन होताना नक्कल चुकते आणि ती चूक पुढेही उतरत जाते. यकृत बिचारं विष मोडायला जातं, तर त्या खटपटीतच विष अधिक जहाल होतं. दाणे भाजले, कुटून चटणी केली, तरी ते पुरतं जात नाही.

तुझे दाणेही मी प्रयोगशाळेतल्या जांभळ्या दिव्याखाली धरले. त्यात खराब दाणा बहुधा चमकतो. एकही चमकला नाही. पण यंदा शेंगा खळ्यात भिजल्या, असं तूच लिहिलं होतंस. मग खराब दाणे कुणाच्या पोटात गेले, हे मला कुणी सांगायला नको.

भाऊजींचं पत्र परवा आलं. तुझे डोळे पिवळे झालेत, दिवाळीपासून जेवण जात नाही, तू कावीळ उतरवून आलीस, आणि मला कळवायचं नाही अशी त्यांना ताकीद दिलीस. त्यांच्यावर रागावू नकोस.

अक्का, आई गेली त्या दुष्काळाच्या साली आपण दोघी ओसरीवर शेंगा फोडत बसायचो. काळे, सुरकुतलेले दाणे तू तोंडात टाकायचीस. मी विचारलं, तर म्हणालीस, "माले कडूच आवडतस. तू गोड खाय." मला ते खरं वाटलं. मग मी कडू दाणे शोधून शोधून मुठीत जपायचे आणि तू शेतातून आलीस की तुझ्या हातावर ठेवायचे. तू हसून खायचीस. आपण अक्काला तिचा खाऊ देतो, याचा मला केवढा अभिमान होता.

हल्ली तुटलेली गुणसूत्रं मोजताना ती मूठ डोळ्यांपुढे येते आणि मोजणी चुकते.

साधी कावीळही असेल. खाल्लं म्हणून आजार होतोच असं नाही, हेही मी शिकले आहे. पण ते मला डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचंय. शनिवारी येते, सोमवारी धुळ्याला जाऊ. "माले काहीच व्हयेल नही" म्हणून अडून बसू नकोस. उरलेले खराब दाणे भाऊजींना पुरून टाकायला सांग, म्हशीलाही घालू नका.

मला तू हवी आहेस, अक्का. आई गेली तेव्हा मी लहान होते, काय गेलं ते कळलं नाही. आता कळतं.

तुझीच लेक म्हणून वाढलेली,
सुगंधा