पाठीवरचे नऊ किलो

४ जानेवारी, रविवार
डोंगरकड्याचा माळ. आज लांडगीण दिसली! गवतातून उठली, अंग झटकलं आणि चालत गेली. घाई नाही, काही नाही. इतकी वर्षं नुसते पावलांचे ठसे बघत होतो.
आणि नेमका माझा डावा हात बधिर. कॅमेरा उचलेना. जुन्या बॅगेचे पट्टे खांद्यात रुतवत अडीच किलोमीटर आलेलो, बोटं दुसऱ्याच कोणाची तरी वाटत होती. फोटो नाही.
धनगर बिरूमामांची मेंढरं तिथंच बसलीत. म्हणाले, "गाभण हाय ती. महिन्याभरानं या, पिल्लं दावतो."

६ जाने.
डॉक्टर. मानेतली एक चकती शीर दाबते आहे. खांद्यावरचा भार कमी करा, म्हणाले. महिन्याने दाखवा. तोवर मुंग्या कधी येतात ते लिहून ठेवा, वाढल्या तर सगळंच बंद.
रेखा सोबत होती, तिथंच फसलो. बायकोने रिक्षातच निकाल दिला. "डॉक्टर न्हाई म्हणले, तर कॅमेरा, लेन्स, समदं पोटमाळ्यावर. पोरगं कडेवर घ्या म्हणलं की तुमची कंबर दुखायची, आन हे धूड बरं उचलतं!"
कबूल केलं. काय करणार.

९ जाने.
दुपारी मार्केट यार्डात आवक कमी. सगळं सामान हळदीच्या काट्यावर चढवलं. कॅमेरा, मोठी लेन्स, तिपाई, पाणी मिळून नऊ किलो. यातलं काहीच कमी होण्यासारखं नाही. मग उरली बॅग. मोबाईलवर डोळे दुखेपर्यंत बॅगा पाहिल्या आणि सगळ्यात हलकी मागवली. वीस वर्षं मापाडी आहे, वजनातलं मला नाही कळणार तर कोणाला.

१६ जाने.
बॅग आली. रिकामी असताना कापूस. सामान भरलं तर पाठीमागे लोंबायला लागली, सगळा भार खांद्यांवर. अर्ध्या तासात मुंग्या.
यार्डातले हमाल बघत होते. त्यांतले रहीमचाचा उठले, मागून बॅगेखाली दोन्ही हात घालून ती जरा वर धरली. खांदे एकदम मोकळे!
"वजन काय बघता मापाडी, बैठक बघा. ओझं कमरेवर बसलं पायजे, पाठीला चिकटून. लटकलं की तकलीफ."
मग चाचांना पोतं घेताना नीट पाहिलं. पन्नास किलो. साठी उलटलेला माणूस. गुडघे किंचित वाकले, पोतं पाठीवर आलं, एक छोटा हिसका, आणि बसलं जागेवर. ट्रकच्या फळीवरून असे चढले जसे काही रिकामेच आहेत. मी बघतच राहिलो. इतकी वर्षं काट्याचा आकडा लिहिला आणि हे समोर चाललेलं दिसलंच नाही. लाज वाटली.

२३ जाने.
हलकी परत केली. दुसरी आली ती रिकामीच तिच्यापेक्षा किलोभर जड! मागवताना बोट अडखळलं होतं. पाठीला आतून ताठ पट्ट्या, कमरेला तळव्याएवढा रुंद पट्टा. चाचांनी ओढूनताणून बसवून दिली. जड वस्तू पाठीला लागून, हलक्या बाहेरच्या बाजूला.
लेन्स घालायची हिंमत नाही. नऊ किलो हळद भरली आणि जेवणाच्या सुट्टीत यार्डात फेऱ्या.

२९ जाने.
फेऱ्या चालू. लोक हसतात. मंगळवारी मुंग्या, थोड्या. काल नाही, आज नाही.
बॅग पिवळी, शर्ट पिवळा. रेखा म्हणाली, "हळद लागली का पुन्यांदा? नवरी कोन हाय?"
नवरी माळावर आहे, असं म्हणणार होतो. शर्ट बादलीत टाकला.

१ फेब्रु., रविवार
पिल्लं झालीत! पण बिरूमामांनी बॅग दिसताच नाकाला हात लावला. "काय वास मारून राह्यली! हळद आन नवं प्लास्टिक. लांडगीण ऱ्हाईल व्हय जाग्यावर? मेंढराचा वास तिला वळखीचा हाय."
उपाय असा की बॅग आठवडाभर त्यांच्या वाघुरीत, मेंढरं कोंडायच्या जाळीत. म्हणजे मेंढरं तिच्यावर बसणार, आणि बाकीचंही करणार. कोरी बॅग! ठेवून आलो. रेखाला सांगितलेलं नाही.
लांडगीण कोकरू नेते तेव्हा राग येत नाही का, मामांना विचारलं. "येतो की. मागल्या हप्त्यात नेलंच. पन तिला बी लेकरं हायती ना."

८ फेब्रु., रविवार, दुपार
माळावरच बसून लिहितोय. घरी जाईपर्यंत दम निघणार नाही.
सकाळी बॅग घेतली. कप्प्यांत लेंड्या. सामान भरलं, वरून मामांची घोंगडी, आणि ओघळीच्या अलीकडे बाभळीखाली दोघं उभे.
ती आली. तोंडात पिल्लू, मानेला धरलेलं. पिल्लू लोंबतंय, पण हूं नाही की चूं नाही. ओघळ ओलांडून पलीकडच्या कपारीत ठेवलं, परत आली. दुसरं. बिऱ्हाड हलवत होती.
कॅमेरा काढायला बॅग उतरवायची तर कमरेच्या पट्ट्याचा चाप उघडायला हवा. हात नेला, जरासं दाबलं. टक्.
ती थांबली. तोंडात पिल्लू, डोळे माझ्यावर. वीस पावलं असतील. हे मला का दिसतंय, मी असं काय केलंय, एवढंच डोक्यात. हात खाली घेतला. मग ती निघाली.
तिसरं. चौथं. मामा कुजबुजले, "मधी कुठं टेकवत बी न्हाई बघा."
तासभर. फोटो एकही नाही. ती गेल्यावर मामांनी त्या दिशेला हात जोडले. मीही जोडले.

त्याच दिवशी, संध्याकाळ
दारातच रेखाचा पहिला प्रश्न, "मुंग्या आल्या का?"
माहीत नाही, म्हणालो. खरंच माहीत नाही. पाठीवर नऊ किलो आहेत हेच विसरलो होतो, हाताचं कुठून आठवणार. आल्या असतील, नसतीलही. मुंग्यांच्या वहीत आजचा रकाना कोराच आहे, डॉक्टरांना काय दाखवू?
वाटलं, आता सुरू होणार. तिने विचारलं, "पिल्लं किती?"
"चार."
"एकटीनंच नेली?"
"एकटीनंच."
नाकाला पदर लावून तिने बॅग उचलली. मी पोटमाळ्याच्या शिडीकडे बघत होतो. तिने अंगणात नेली, लेंड्या झाडल्या, कट्ट्यावर वाऱ्याला ठेवली. आणि कमरेचा चाप दोनदा उघडून लावून पाहिला.
"ह्याला चिंधी गुंडाळली तर वाजनार न्हाई," म्हणाली.
उद्या अकराला डॉक्टरांकडे नंबर आहे.