खुर्ची कुठे ठेवायची

३ फेब्रुवारी

चि. बेडकीस,

अनेक आशीर्वाद. या नावाने हाक मारलेली तुला आवडत नाही हे मला ठाऊक आहे, पण पत्रात तू मला अडवू शकत नाहीस, म्हणून हौस भागवून घेतली. आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचा खोकला गेला. माझे गुडघे होते तसेच आहेत. जावईबापूंना आणि ठकीला आशीर्वाद सांग. ठकीचा पुढचा दात पडल्याचं बाबांकडून कळलं. मला सगळं बाबांकडूनच कळतं. तक्रार नाही, आपलं सांगितलं.

फोन करता आला असता, पण फोनवर आपण दोघी हवापाण्याच्या पलीकडे जात नाही आणि लगेच तू "बाबांना दे" म्हणतेस. शिवाय हे कामाचं आहे. तू घरांचे नकाशे काढतेस, म्हणून तुझा सल्ला हवा आहे. आम्ही घरी पोहण्याचा तलाव करतो आहोत. लहानसाच. डॉक्टर म्हणाले, गुडघे वाचवायचे असतील तर रोज अर्धा तास पाण्यात चाला. त्यांना काय जातंय सांगायला. गावातला तलाव अर्धं वर्ष दुरुस्तीत असतो आणि अर्धं वर्ष त्यात पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा घरीच करायचा, इथपर्यंत आमचं एकमत झालं. तुझ्या बाबांचं आणि माझं एकमत झालं म्हणजे काय ते तुला कळेल.

पुढे नेहमीसारखं. त्यांना तलाव बाहेर हवा, मागच्या अंगणात, लिंबाच्या झाडापासून चार हात लांब. मला आत हवा, मागच्या लांब शेडमध्ये, जिथे त्यांच्या तीन मोडक्या सायकली गेली दहा वर्षं दुरुस्तीची वाट बघत उभ्या आहेत. माझं म्हणणं सरळ आहे. आत पाऊस नाही, पालापाचोळा नाही, थंडीत पाणी गरम ठेवता येतं, बाराही महिने ठरल्या वेळी उतरता येतं. ते म्हणतात, बंद जागेत वाफ कोंडणार, भिंतींना बुरशी धरणार, हवा बाहेर फेकणारे पंखे दिवसभर घरघरणार आणि घरभर त्या पाण्यातल्या औषधाचा वास. "आपल्याला घरात राहायचंय की दवाखान्यात?" मी विचारलं, रोज सकाळी पाण्यातली पानं कोण काढणार. "मी काढीन," म्हणाले. हा माणूस पेपर वाचून झाला की त्याची घडी घालत नाही.

आणखी एक कारण आहे, ते मी त्यांना सांगितलेलं नाही. शेजारच्या वरच्या मजल्यावरून आपलं अंगण ताटात वाढल्यासारखं दिसतं. चौसष्टाव्या वर्षी पोहण्याचा पोशाख घालून माझ्या पोटऱ्यांचं प्रदर्शन मला मांडायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तलाव बांधणाऱ्या एक बाई आहेत, बाबा त्यांना हौदवाल्या बाई म्हणतात. ठेंगण्या, उन्हाने रापलेल्या, बोलायला फटकळ. त्यांची कामाची एक रीत आहे. खणण्याआधी त्या जमिनीवर दोरी लावून पांढऱ्या फक्कीने तलाव आखतात आणि घरच्यांना आठ दिवस त्यात बसायला सांगतात. कोरड्यातच. ज्याने त्याने आपली खुर्ची हवी तिथे ठेवायची, सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ. म्हणतात, "नकाशा बघून सगळे हो म्हणतात. बूड टेकल्यावर खरं काय ते कळतं." आमच्याकडे दोन्ही जागी आखून गेल्यात, शेडमध्ये आणि अंगणात. म्हणून आम्ही दोघं सकाळी अंगणात आणि संध्याकाळी सायकली सरकवून शेडमध्ये बसतो. तुझे बाबा अंगणातल्या रेघेशी चपला काढून आत जातात आणि जिथे पाणी सर्वांत खोल असणार तिथे खुर्ची टाकून पेपर वाचतात. परवा पलीकडून कुणी विचारलं, काय चाललंय, तर म्हणाले, "डुंबतोय."

मी शेडमधली मापंही घेतली. लांबी बरी निघते आहे. समोरच्या भिंतीवर सेकंदकाट्याचं मोठं घड्याळ बसेल, त्याची जागा मी खडूने केली आहे. ठकीला सहावं लागलं, म्हणजे पोहण्याच्या सरावाला तसा उशीरच झालाय, पण बंद तलाव असेल तर थंडीतही खाडा पडणार नाही.

हं. बाबा सांगत होते, तू म्हणालीस की तलाव झाला तर सुट्टीत ठकीला आमच्याकडे पाठवणार नाहीस. त्यांना हल्ली नीट ऐकू येत नाही, म्हणून तुलाच विचारते. आत की बाहेर, तेही कळव.

तुझी,
आई


१० फेब्रुवारी

चि. बेडकीस,

आशीर्वाद. तुझं उत्तर आलं नाही. टपालाला वेळ लागतो असं मी धरून चालले आहे.

काल आठ दिवस भरले. हौदवाल्या बाई आल्या, दोन्हीकडे फिरून खुर्च्या बघून आल्या आणि माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"बाई, ही खुर्ची तुमची?"

"हो."

"शेडमधली, भिंतीजवळची, तीही तुमचीच?"

"हो. का?"

"दोन्ही रेघेच्या बाहेर आहेत."

मी म्हटलं, असतील, मी कडेला बसते. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी खुर्च्या मांडायला लावतेय. म्हातारे, पोरं, पाण्याला भिणारे, सगळे खुर्ची आत ठेवतात. भिणारे उथळात ठेवतात, पण आत ठेवतात. बाहेर ठेवणाऱ्या तुम्ही पहिल्या. गुडघे तुमचे दुखतात ना? मग पाण्यात उतरणार कोण?"

बाबा खोल पाण्यातून, पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण." हौदवाल्या बाई हसल्या. मीही हसले आणि चहा टाकायला म्हणून आत गेले. चहा टाकला नाही. ओट्याशी उभी राहिले.

बेडके, मी आठ दिवस ज्या जागी बसले होते ती जागा मी निवडली नव्हती. पाय आपोआप तिथे गेले. काठ, उजवा कोपरा, जिथून सगळ्या रांगा दिसतात. शाळेच्या पोरांना पोहायला शिकवताना पस्तीस वर्षं मी तिथेच उभी होते. त्या दिवशीही तिथेच होते.

आता लिहितेच. या पत्राला त्यासाठीच बसले आहे आणि मघापासून हौदवाल्या बाईंना पुढे करते आहे.

तू पंधरा वर्षांची होतीस. सकाळी निघताना म्हणालीस, पोटरी धरल्यासारखी वाटते, आज नको. मी म्हणाले, नखरे पुरे. पाचव्या फेरीत तू मधेच थांबलीस आणि दोन रांगांमधली तरंगती दोरी धरलीस. माझ्यापासून फार तर दहा हातांवर. मी शिट्टी फुंकली आणि ओरडले, "दोरी सोड. पोह." तू माझ्याकडे बघितलंस. आणि सोडलीस.

तू माझं ऐकलंस, ते मला सोसत नाही. ऐकलं नसतंस तर दोरीला धरून राहिली असतीस. तू सोडलीस आणि खाली गेलीस. मला पोहता येत होतं, तिथल्या कुणाहीपेक्षा चांगलं. मी उडी मारली नाही. मला वाटलं नाटक करते आहे, आत्ता वर येईल. उडी दुसऱ्या शाळेच्या मास्तरांनी मारली, पायातल्या बुटांसकट. तुला काठावर आडवं केलं, तू पाणी ओकलीस, रडायला लागलीस, तेव्हा माझ्या लक्षात आलं की हातातलं घड्याळ अजून चालू आहे.

घरी आल्यावर मी तुला काय म्हणाले ते तुला आठवत असेल. मला आठवतं. "उद्यापासून पोटऱ्या शेकत जा." एवढंच. तू पुन्हा पाण्यात उतरली नाहीस आणि मी त्याला हट्ट म्हणत राहिले. त्या दिवसानंतर मीसुद्धा कधी पाण्यात उतरले नाही. विचारणाऱ्यांना गुडघ्यांचं कारण सांगायचे. तेव्हा गुडघे ठणठणीत होते.

माझं चुकलं. वीस वर्षं हे दोन शब्द मी बाबांकडून, भेटवस्तूंतून, ठकीच्या स्वेटरांतून तुझ्यापर्यंत पोचवायला बघितलं. तसे ते पोचत नाहीत. म्हणून आज स्वतः लिहिते, माझं चुकलं.

मागच्या पत्रात मी ठकीबद्दल "उशीर झालाय" असं लिहिलं आणि घड्याळाची जागा सांगितली. पत्र टाकून आले तेव्हा काही वाटलं नव्हतं. काल रात्रीच्या जेवणाला बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "हे तू तिला लिहिलंस?" आणि घास खाली ठेवला. तू ठकीला का पाठवत नाहीस हे मला कळलं. मी तुझ्या जागी असते तर मीही पाठवलं नसतं.

तेव्हा तलाव बाहेर करायचा. शेडमध्ये मला काय हवं होतं ते मला आता दिसतं आहे. चार भिंती, आखीव रांगा, घड्याळ आणि मी कोपऱ्यात. पुन्हा तोच कारखाना, फक्त लहान. बाहेर लिंबाचं झाड आहे, ऊन आहे, वरच्या मजल्यावरचे लोक आहेत. बघू देत पोटऱ्या. लांबी कमी केली, म्हणजे शर्यतीचं माप कुणाला काढताच येऊ नये. खोली जास्तीत जास्त बाबांच्या छातीइतकी. भोवती कुंपण आणि आतून कडी, ती मोठ्यांच्याच हाताला येईल अशी. खडूची खूण मी ओल्या फडक्याने पुसली.

सोबत हौदवाल्या बाईंचा नकाशा पाठवते. खणायला महिनाभर अवकाश आहे. तुला काही खोडायचं असेल तर खोड. आणि त्यांची रीत म्हणून सांगते, तुम्हा दोघींच्या खुर्च्या कुठे ठेवायच्या त्यावर पेन्सिलने दाखव. ठेवायच्याच नसतील तर तसं लिही. तलाव तरीही करू, गुडघे खरंच दुखतात. तुझ्यावर रागावणार नाही. रागावण्याचा माझा वाटा मी केव्हाच संपवला आहे.

तुझी,
आई


२६ एप्रिल

चि. बेडकीस,

अनेक आशीर्वाद. तू शनिवारी ठकीला घेऊन निघते आहेस असं बाबांनी सांगितलं. दोनदा विचारून घेतलं, कारण त्यांचे कान. त्यांनी ठकीसाठी एक सायकल दुरुस्त केली आहे. उरलेल्या दोन तशाच आहेत, एवढ्यात चमत्काराची अपेक्षा करू नकोस.

तुझा नकाशा मार्चमध्ये आला तेव्हा पत्र नाही म्हणून मी पाकीट तीनदा झटकलं. मग चष्मा लावून नकाशा उलगडला. पहिली पायरी तू रुंद करायला सांगितलीस, पूर्ण दीड फूट, आणि दोन्ही अंगांना धरायला कठडे. हौदवाल्या बाई म्हणाल्या, "ही कोण? हिला माझ्याकडे कामाला पाठवा." मी म्हणाले, मुलगी आहे. असं सांगताना किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही.

त्यावरच्या पेन्सिलीच्या खुर्च्या मी पाठ केल्या आहेत. बाबा खोल पाण्यात, होते तिथेच. पायरीवर एक छोटी, ठकीची. तिच्या समोर माझी, आणि बाजूला तुझ्या बारीक अक्षरात, "ठकी पाण्यात तर आजी पाण्यात. काठावर नाही." चौथी खुर्ची रेघेच्या बाहेर, लिंबाच्या सावलीत. त्याखाली एकच शब्द, "सध्या".

मंजूर. चारही खुर्च्या मंजूर.

परवा पाणी भरलं. काल सकाळी उतरले. पहिल्या पायरीवर घोट्यापर्यंत उभी राहिले आणि तिथेच थांबले, वीस वर्षांत पाणी इतकं गार झालेलं मला माहीत नव्हतं. बाबा आधीच आत होते. त्यांनी हात पुढे केला नाही, काही बोललेही नाहीत, नुसते थांबले. हे शहाणपण या माणसाकडे इतकी वर्षं होतं, काखेत कळसा म्हणतात ते असं. कठडा धरून मी खाली गेले. कमरेपर्यंत आल्यावर रडू आलं, मग तोंडावर पाणी मारून घेतलं. वरच्या मजल्यावरच्या बाई कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "पाणी कसं आहे?" मी म्हटलं, "या की." त्या पुढच्या आठवड्यात येणार आहेत.

पानांचं म्हणशील तर रोज सकाळी जाळीने मीच काढते. पेपरची घडीही अजून मीच घालते.

शिट्टी मी बाबांना दिली. चहा झाला की ते ती फुंकतात. घड्याळ आणलंच नाही.

तुझी खुर्ची लिंबाखाली ठेवली आहे. तिथे दहापर्यंत ऊन येत नाही. या सुट्टीत तू तिथेच बसून राहिलीस तरी चालेल, पुढच्या सुट्टीतही चालेल. मी हाक मारणार नाही. पण कधी तुझं तुलाच वाटलं आणि उतरलीस, आणि मधेच थांबावंसं वाटलं, तर थांब. कठडा धर, मला धर, हवं ते धर. सोड म्हणणारं आता इथे कुणी नाही.

वाट बघते आहे, पाण्यातून,

तुझी आई