टाकीतलं ऊन

६ एप्रिल २००६
तेराव्याचे पाहुणे गेले. घर रिकामं. दुपारी लाइट गेली, पंखा थांबला, आणि मागच्या शेडमधून कट्-कट् आवाज. ह्यांच्या ऊन गोळा करायच्या आरशांवरच्या नळीचा. आतलं तेल तापलं की ती तशी वाजते. पण आता तिकडे कोण?

७ एप्रिल
आजही, त्याच सुमाराला. जाऊन पाहिलं. आरसे ह्यांनी शेवटचे वळवले तसेच आहेत. हे कोसळले त्या वेळचा सूर्य रोज तिथे येतो, नळी तापवतो, पुढे सरकतो. एवढंच. तरी आवाज थांबेपर्यंत तिथेच थांबले.

१० एप्रिल
दत्तूभाऊजी नाशिकरोडहून आले. "वहिनी, आरशांवर ताडपत्री टाकू. तेल आहे, लक्ष द्यायला कोणी नाही. पेटलं म्हणजे?"
बरोबर आहे त्यांचं. पण ह्यांच्या हातचं शेवटचं काम ते. मोडायचं? तोंडून फक्त "राहू द्या" निघालं.

१३ एप्रिल
सकाळपासून लष्कराच्या कॅम्पाकडे तोफांचा सराव. तावदानं थरथरतायत. टाकीपाशी उभी राहिले. दिवसाचं ऊन टाकीतल्या खडीत साठवायचं, भारनियमनात त्यावर वाफ करून डायनामो फिरवायचा. रिटायर झाल्यापासून ह्यांचं हेच. ह्यांचे हात गार पडले तेव्हा टाकीच्या तापमानाचा काटा दोनशेच्या वर होता. आज दीडशे.

१९ एप्रिल
शेजारच्या कमलताई, कुंपणाआडूनच: "वहिनी, दुपारचं कुणी ठोकतंय का हो तिकडं?"
"नळी आहे ती."
"नळीच हाय. कळतंय मला. तरी..."


२ मे
काटा उतरतोय. पार उतरला की ह्यांनी साठवलेलं ऊन संपलं.
लेकीचा पुण्याहून फोन. "आई, भंगारात दे ते सगळं. तू इकडे ये." मग हळूच, "अजून गरम आहे का गं?"
दोघी रडलो.

५ मे
सकाळी आरसे फिरवले. मूठ हलेना. वाटलं, पलीकडून कोणी धरलीय. मोठ्यांदा म्हटलं, "सोडा आता." फिरली. दिवसभर सूर्यामागे फिरवत राहिले. हाताची सालटी निघाली. काटा चढला.

९ मे
संध्याकाळी लाइट गेल्यावर टाकीच्या नळ्यांत पाणी सोडलं. भाऊजी सोबत. वाफ धरली, चाक फिरलं, बल्ब पिवळा, मग पांढरा. भाऊजी लहान मुलासारखे हसले. त्या उजेडात ह्यांची खुर्ची दिसली. मी पाण्याची झडप बंद केली.
"का हो वहिनी?"
टाकीतलं ऊन संपत होतं. त्यात ह्यांचं किती, माझं किती, कसं निवडायचं?

११ जून
ढग. आरसे बिनकामाचे. टाकीत जेमतेम एका संध्याकाळपुरतं. आता भरायचं ते पाऊस उघडल्यावरच.
कमलताई आल्या, थेट दारात. सून काल बाळंत होऊन घरी आलीय, लाइट सकाळपासून नाही. "तेवढा दिवा लावून द्या हो. बाळाचं तोंड दिसंना झालंय."
वायर त्यांच्या खिडकीपर्यंत ओढून झाली. झडपेपर्यंत गेले. हात लावला, परत आले. ह्यांचं उरलंसुरलं ऊन त्यातच.
बाळ रडतंय. पुन्हा जाते.