दुपारची पडवी आणि राखाडी स्वेटर

॥ श्री कुणकेश्वर प्रसन्न ॥

मी, श्रीमती यशोदा काशीराम मिठबावकर, वय वर्षे अठ्ठावन्न, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार जामसंडे, तालुका देवगड, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. चष्मा लागतो, पण कालच सुईत दोरा एका खेपेत ओवला. माझ्यावर कोणाचा दाब नाही. तसा आणील असे माणूस या घरात नाही.

१. राहते घर, परसातले सात माड व विहिरीचा निम्मा हक्क चिरंजीव गुरुदास यास. तो मुंबईस नोकरीला असल्याने वहिवाट सूनबाई सुगंधा हिची. अट एकच. रोज दुपारी दोन ते चार पुढची पडवी शेवंती महादू कोयंडे हिच्यासाठी मोकळी राहावी, आणि सुगंधाने तिला वाचनालयाचे पुस्तक मोठ्याने वाचून दाखवावे. माझ्यामागे हे बंद पडेल, एवढीच मला काळजी आहे. गुरुदास एकदा म्हणाला होता, "आई, पडवीला मासळीचा वास येतो." त्यास तेव्हा दिलेले उत्तर पुन्हा देते: ताटात आला की तुला चालतो.

२. शेवंती कोण, हे गुरुदासला नीट ठाऊक नाही, म्हणून लिहिते. मासळी विकून झाली की ती रिकामी पाटी पायरीखाली ठेवते, हातपाय धुते आणि जाळे दुरुस्तीला घेऊन बसते. मी वाचते, ती ऐकते. अक्षरओळख नाही, पण अकरा वर्षांत ऐकलेले एकही पुस्तक ती विसरलेली नाही. एकदा एका कादंबरीतले प्रेमाचे पान मी लाजेने गाळले. हातातली सुई न थांबवता ती म्हणाली, "वयनी, मघाशी ती बाय दारात उभी होती, आता एकदम लगीन? मधला पान खंय गेला?" मला मागे जाऊन ते पान वाचावे लागले. असा कान मी शाळेत कोणा मास्तरांचाही पाहिला नाही.

३. वाचनालयाचे माझे सभासदत्व शेवंतीच्या नावे व्हावे. वाचनालयाचे गंगाराम म्हणाले, "तिला वाचता कुठे येते?" नियमांत सभासदाची सही हवी, वाचता यावे असे कोठेही नाही. मी दोनदा तपासले. सही तिला शिकवली आहे; 'शे' जरा झुकतो.

४. विणकामाच्या सुया व उरलेली लोकर सुगंधाला. आमच्या गावात लोकर कोणाला लागते म्हणून सगळे हसतात. हसू देत. हातात टाके असले की माणूस दुसऱ्याची उणी काढीत नाही. जाऊबाई चंद्रावती यांना माझी जुनी चष्म्याची फ्रेम द्यावी. बायका वाचत बसल्या की दूध उतू जाते, असे त्या म्हणत. माझे दूध दोनदाच उतू गेले. दोन्ही वेळा त्या गप्पांना आल्या होत्या.

५. ट्रंकेतला राखाडी स्वेटर. बासष्ट साली जवानांसाठी स्वेटर पाठवायचे होते तेव्हा मी शेवंतीला सुलटा-उलटा टाका शिकवला. आठ दिवसांत तिने अख्खा स्वेटर सुयांवरून उतरवला. पण जिथे जिथे लोकर संपली तिथे तिने जाळ्याची गाठ मारली. एकेक गाठ चिंचोक्याएवढी, आणि सुटता सुटेना. गठ्ठा बांधताना मला लाज वाटली. तो स्वेटर मी मागे ठेवला आणि तिला पाठवला म्हणून सांगितले. दर थंडीत ती विचारते, "माज्या जवानाक थंडी वाजणा नाय मा?" मी म्हणते, नाही हो. गेल्या पौषात मला हुडहुडी भरून ताप आला तेव्हा तोच अंगात घातला. माझे स्वतःचे दोन स्वेटर उसवले; हा अजून जसाच्या तसा आहे. माझ्या मृत्यूनंतर तो शेवंतीस द्यावा, हे कलम सुगंधाने तिला वाचून दाखवावे आणि ती देईल त्या शिव्या ऐकून घ्याव्यात.

दुरुस्ती. कलम ५ मधील शेवटचे वाक्य मी खोडले आहे. बाजूला माझी सही आहे. माझ्या शिव्या सुनेने का खाव्यात? शेवंती समोरच बसली होती. सगळे कलम मीच तिला वाचून दाखवले. तिने जाळ्याची सुई खाली ठेवली. मग म्हणाली, "चार वर्सां माका फसवलंस गो, वयनी? पोटात ठेवन जेवलंस तरी कसा?" मी ट्रंक उघडून स्वेटर पुढे केला. तिने बाहीवरची गाठ दातांनी ओढून पाहिली.

"सुटली नाय मा?"

"नाही."

"मगे! माका कित्याक देतंस? मी उन्हातान्हात फिरतंय. थंडी तुका वाजता. घाल."

सबब स्वेटर हयातीपर्यंत माझ्या अंगावर, नंतर तिचा. तिला साक्षीदार व्हायचे होते, पण ज्याला काही मिळते त्याने साक्ष घालू नये असे वकील सांगतात. ती म्हणाली, "ऱ्हवांदे. तू वाच. काल खंयपर्यंत वाचलंस?"

हे सर्व वाचून, समजून, खाली सही केली आहे. दोन वाजून गेले. पुढचे लिखाण नाही.

सही: यशोदा काशीराम मिठबावकर

आमच्या समोर सही केली:
१. गंगाराम विठू राणे, वाचनालय
२. बाबली सखाराम घाडी, शेजारी

मुक्काम जामसंडे, ता. १२ डिसेंबर १९६६