अष्टमीला अलिबाग

मंगळवार, ९ डिसेंबर
सुमन येतेय. दुजोरा तिच्या मुलीचा, वैशालीचा. सकाळी फोन : "आई बॅग भरतेय, काका. खोल्या दोन घ्या हं." घेतल्यात.
उद्या बोटीने मांडवा, मग रेवदंडा. शुक्रवारी अलिबाग, कुलाबा किल्ला. विचारायचं ते तिथेच, आतल्या गणपतीसमोर : लग्नाची नोंदणी करून माझ्याकडे कांदिवलीला राहायला येशील का. शीला जाऊन सहा वर्षं झाली, सुमनचे मिस्टर त्याच्याही आधी गेले. नॅशनल पार्कात रोज सकाळी बरोबर चालतो. सोसायटीने आमचं लग्न केव्हाच लावून टाकलंय. मुलाला, नितीनला, मात्र 'मित्रांबरोबर जातोय' एवढंच. चाळिशीचा झाला, तरी मीच त्याला भितो.

बुधवार, १०
बोटीत सु. कठड्याशी. जन्म गोराईच्या कोळीवाड्यातला, नोकरी पालिकेच्या शाळेत. पाणी दिसलं की तिच्यातली बाई सुट्टीवर जाते. "आत बस तू, डोकं धरशील." धरलंच.
रेवदंड्याच्या घरमालकीण : "भाऊ-बहीण का?"
सु. शांतपणे, "अजून ठरायचंय."
रात्री तिने सुरमईला हात लावला नाही. "बर्फात झोपून आलीय ती." वरणभात.

गुरुवार, ११
रेवदंड्याचा कोट. माडांच्या वाड्या, मधेच पोर्तुगीजांच्या भिंती, छप्पर नसलेलं चर्च. मी इतिहास सांगत सुटलो. तिचं लक्ष भिंतीवर चढलेल्या वेलाकडे. "एवढा खटाटोप केला आणि उरलं काय, तर कुणाच्या तोंडलीला मांडव."
पायऱ्या उतरताना हात धरला. सपाटीला लागलो तरी सोडला नाही.

शुक्रवार, १२
वाट लागली. मोबाईलवर ओहोटीची वेळ बघून बरोबर पोचलो. किल्ला समोर, मधे गुडघाभर पाणी. उतरेचना.
सु. : "आज तिथी काय?"
"तिथीचं काय? ओहोटी आत्ताचीच आहे."
"अष्टमी आहे रे. अष्टमीची ओहोटी भांगाची, पाणी अर्धवट जातं. वाट कोरडी पाहिजे तर उधाणाला यायचं, पुनवेला नाहीतर अवसेला."
"मग आधी का नाही बोललीस?"
"तू विचारलंस कुठे? आयुष्यभर बातम्या दोन-दोन ठिकाणी तपासल्यास ना?"
टांगेवाला पाण्यातून न्यायला बोलावत होता. तिने हात हलवला. "चालत जाणार मी."
चपला हातात, तसाच उभा राहून मी तोंड उघडलं. म्हणाली, "काय विचारायचंय ते कळलंय मला. आत गेल्यावर विचार. पाण्यात उभं राहून नको. पुढच्या शुक्रवारी येऊ, अमावास्या आहे."
अमावास्या. आमच्याकडे त्या दिवशी नवी चादरसुद्धा काढत नाहीत. चेहऱ्यावर दिसलं असणार.
"माझा बाप म्हणायचा, दर्या वाट देतो तो दिवस चांगला." मग परत किनाऱ्याकडे चालता चालता, मागे न बघता, "आणि आधी मुलाला सांग. मी काय तुझे मित्र नाही."

शनिवार, १३
घरी. पायांना अजून वाळू. नितीनला फोन लावला, हवापाण्याचं बोललो, ठेवला. उद्या जेवायला बोलावलंय.

रविवार, १४
सांगितलं. आमटी वाढता वाढता, एका दमात. त्याने हातातला पोळीचा तुकडा परत ताटात ठेवला. मी ताटाकडे बघत.
मग, "बाबा, पण अमावास्येला?"
"तिथी तिने काढलीय."
दोनदा आमटी घेतली. निघताना, बूट घालताना, "बोट कितीची आहे?"
म्हटलं, ते ओहोटीवर आहे, सुमनला विचारून सांगतो. नाव त्याच्यासमोर पहिल्यांदा असं घेतलं, नुसतं. त्याने लेस बांधली. येतोय की नाही ते गुरुवारी कळवणार.
शुक्रवारी वाट कोरडी पडणार. दुजोरा सु.चा. तिच्या उत्तराला अजून कुणाचाच नाही.